पंख फुटल्यावर काय?

एप्रिल २०२५मध्ये केनियातल्या नाकुरू परगण्यात एका गेस्ट हाउसवर छापा पडला आणि बेल्जियमची दोन पोरं पकडली गेली. वय दोघांचंही एकोणीस. सामानात हस्तिदंत नव्हतं की कुठल्या प्राण्याचं कातडं नव्हतं. होत्या त्या २,२४४ छोट्या नळ्या, त्यांत कापसाचे बोळे आणि एकूण सुमारे पाच हजार मुंग्या. मे महिन्यात न्यायालयाने प्रत्येकाला दहा लाख केनियन शिलिंग दंड, नाही तर वर्षभराची कैद, अशी शिक्षा सुनावली. त्याच सुमारास चारशेच्या आसपास मुंग्या बाळगणाऱ्या आणखी दोघांनाही तीच शिक्षा झाली.

बातमी जगभर गाजली ती मुख्यतः गंमत म्हणून. मुंग्यांची तस्करी! रोज पायाखाली किती जातात त्याचा हिशेब कोण ठेवतो, आणि इथे कोर्टकचेरी? ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, पण त्या नळ्यांमध्ये काय होतं ते कळल्यावर ती टिकत नाही. त्या मेस्सोर सेफॅलोटीस या जातीच्या राण्या होत्या. पूर्व आफ्रिकेच्या माळरानावर बिया गोळा करून जगणारी ही मोठी, लालसर मुंगी जगभरच्या हौशी मंडळींना हवी असते. कामकरी मुंगी नेली तर एक मुंगी गेली. राणी नेली तर पुढच्या कित्येक वर्षांची हजारो मुंग्यांची वसाहत गेली, आणि ती जिथे पोचेल तिथे वसण्याची शक्यताही तिच्याबरोबर गेली.

मुंग्या पाळण्याच्या छंदाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या राणीपासूनच सुरू होतं. या छंदात जबाबदारीची चर्चा होते ती बहुतेक वेळा ‘मुंग्या मरू नयेत’ एवढ्यापुरती. ओलावा किती ठेवावा, साखरपाणी किती द्यावं, झुरळ उकळून द्यावं की गोठवून, यावर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत. खरा प्रश्न मुंग्या मेल्या तर उभा राहत नाही, जगल्या तर राहतो. वसाहत नीट वाढली, पोसली गेली, की एक दिवस तिच्यात पंखवाल्या मुंग्या जन्माला येतात. त्यांचं काय करायचं याचा विचार ज्याने आधी केलेला नाही, त्याने राणी घरात आणूच नये, असं माझं मत आहे.

राणीचं आयुष्य थोडक्यात असं. ती पंखांनिशी जन्मते आणि बहुतेक जातींमध्ये आयुष्यात एकदाच उडते. हवेत किंवा जमिनीवर एका किंवा काही मोजक्या नरांशी तिचं मिलन होतं. नर थोड्याच वेळात मरतात. राणी मात्र त्यांचे शुक्राणू पोटातल्या एका बारीक पिशवीत साठवून घेते आणि पुढे आयुष्यभर तेच पुरवून वापरते. खाली उतरल्यावर ती आपले पंख स्वतःच पाडते, मातीत छोटंसं बीळ खणते आणि आतून तोंड बंद करून घेते. अनेक जातींच्या राण्या पहिल्या पिढीतल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत काहीही खात नाहीत. उडण्याचे दणकट स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. शरीर तेच विरघळवतं आणि त्यावर पहिल्या अळ्या पोसल्या जातात.

छंदाची सगळी हत्यारं या बिळाची नक्कल आहेत. टेस्ट ट्यूबच्या तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग बोटभर मोकळी जागा, त्या जागेत राणी, तोंडाशी दुसरा बोळा. नळी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली की झालं. पाणी संपेपर्यंत हात लावायचा नाही. इतकी सोपी व्यवस्था दुसऱ्या कुठल्याच पाळीव जिवाला चालत नाही. पण जी नळी कपाटात चालते ती पाकिटातही चालते आणि सुटकेसमध्येही. नाकुरूत सापडलेला कापूस शोभेचा नव्हता. अन्नाशिवाय आठवडेच्या आठवडे काढण्याची राणीची निसर्गदत्त ताकद तस्करीच्या कामी आली होती.

शिवाय आयुष्य केवढं! जॉन लबक हे इंग्लंडमधले बँकर आणि संसद सदस्य. काचेच्या दोन तावदानांमध्ये माती घालून मुंग्या पाळायची पद्धत त्यांनी रूढ केली आणि १८८२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडची एक राणी पंधराव्या वर्षाच्या आसपास वारली. युरोपातल्या बागांमध्ये सर्रास आढळणाऱ्या काळ्या लेसियस नायजर जातीची एक राणी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली. कुत्रा घेताना आपण दहा-बारा वर्षांचा विचार करतो. दहावीतला मुलगा नळीत राणी आणतो तेव्हा ती त्याच्या लग्नालाही हजर असू शकते, हे त्याला कुणी सांगत नाही. बारावीनंतर तो होस्टेलवर गेला की डबा आईच्या गळ्यात पडतो, आणि आई एके दिवशी तो सोसायटीच्या बागेत रिकामा करते. तिच्या दृष्टीने तिने चांगलंच काम केलेलं असतं.

आता पंखांकडे येऊ. काही जातींच्या वसाहती वर्षभरातच पंखवाल्या मुंग्या काढतात, काहींना तीन-चार वर्षं लागतात. खूण ओळखायला शिकलं की चुकत नाही. नेहमीच्या अळ्यांच्या शेजारी एकदम दुप्पट-तिप्पट फुगलेल्या अळ्या दिसू लागतात. कोषातून बाहेर येणारी नवी राणी आधी फिकट असते, पंख दुधी आणि चुरगळल्यासारखे. दोन-चार दिवसांत अंगावर रंग चढतो. नर अंगाने बारीक, डोकं इवलंसं आणि त्यामानाने डोळे मोठे. पुढे एखाद्या दमट संध्याकाळी ही सगळी जनता बिळाच्या तोंडाशी गर्दी करते. कामकरी मुंग्या त्यांच्यात धावपळ करतात, एखादीला मिशीला धरून आत ओढून नेतात, तर थोड्या वेळाने तिलाच पुन्हा बाहेर येऊ देतात. बाहेर पडलेले नर ट्यूबलाइटच्या दिशेने काचेवर आपटत राहतात. मोठ्या मुंगळ्यांच्या वसाहतीत हे दृश्य पाहिलेला माणूस लवकर विसरत नाही.

नवशिक्याला इथे पहिला धक्का बसतो. कामकरी मुंग्या चढून जाऊ नयेत म्हणून डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिटची पेस्ट लावतात. वाळल्यावर पावडर सुटते, पाय ठरत नाही आणि मुंगी घसरून खाली पडते. पायी चालणाऱ्या मुंगीला तो पट्टा भिंतीसारखा अडवतो. पंखवालीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. झाकणाऐवजी नुसता पट्टा ठेवणाऱ्याच्या घरात एका संध्याकाळी पडद्यावर, दिव्याभोवती, देवघरात उडत्या मुंग्या. हा प्रसंग विनोदी आहे, जात बाहेरची नसेल तर. म्हणून बारीक स्टीलच्या जाळीचं घट्ट झाकण पहिल्या दिवसापासून हवं. वसाहत दहा मुंग्यांची असताना हे झाकण अतिरेकी वाटतं, आणि ते बसवायची योग्य वेळ नेमकी तीच असते.

दुसरा गैरसमज याहून गोड. उडायला न मिळालेल्या नव्या राण्या काही दिवसांनी डब्यातच पंख टाकतात. मालक हरखून जातो: आपल्या घरी नवी राणी तयार झाली! तिला वेगळ्या नळीत ठेवतो, अंडी दिसली की फोटो काढतो. पण तिचं मिलन झालेलंच नसतं. मुंग्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. म्हणजे बापाविना जन्मलेला नर. या कुमारी राणीची अंडी बहुधा सगळी नरच देणार. तिच्या घरात कामकरी मुंगी कधीच जन्माला येणार नाही, आणि नर काही घरकाम करत नाहीत. अशा राण्या ‘मिलन झालेली, खात्रीशीर’ म्हणून विकणारे लोक आहेत. घेणारा बिचारा महिनोन्‌महिने नळीत बघत बसतो.

मग या पंखवाल्यांचं करायचं काय? मनात आधी येतं ते खिडकी उघडणं. हा मोह मला समजतो. आपल्याकडे मुंग्यांच्या वारुळाशी साखर-पीठ टाकणारी माणसं घरोघरी असतात. ‘मुक्या जिवाला कशाला कोंडायचं’ हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. पाहुणी म्हणून आणलेल्या मुंगीला शेवटी मोकळं सोडलं, यात दया दिसते.

पण त्या दयेचा हिशेब नीट मांडून पाहू. जात परदेशी असेल तर प्रश्नच मिटला, खिडकी उघडणं गुन्ह्याच्याच जवळ जाणारं आहे. जात इथलीच पण राणी दुसऱ्या जिल्ह्यातून आणलेली असेल, म्हणजे सिंधुदुर्गातली मुंगी नाशकात सोडायची असेल, तर वंश मिसळण्याचा प्रश्न आहेच, शिवाय रोगाचाही. हौशी माणसाकडे सहसा एकच डबा नसतो. चार-पाच जाती शेजारी शेजारी, सगळ्यांना एकाच चिमट्याने खाऊ, विकत आणलेले किडे. डब्याडब्यांतून माइटसारखे बारीक परजीवी आणि बुरशी फिरत राहतात. जी बुरशी आपल्या अंगणात नव्हती ती आपणच पंखांवर बसवून पाठवतो.

राहिला शेवटचा प्रकार: राणी आपल्याच अंगणातली, जात तिथलीच, डबाही एकच. इथे मी आग्रह सोडतो. या राण्या सोडल्याने काही मोठं बिघडेल असं प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. पण मग फायदा तरी काय? घरातल्या उबेत, बारमाही खाण्यावर वाढलेल्या वसाहतीत पंख भलत्याच महिन्यात फुटतात. बाहेर मिलनाचं उड्डाण एका ठरावीक हवामानात, आसपासच्या कितीतरी वसाहतींतून एकाच संध्याकाळी होतं, आणि सगळी गंमत त्या एकाच वेळेत असते. आपण जानेवारीत सोडलेल्या राणीला नर कुठून मिळणार? ती कोतवाल पक्ष्याच्या नाही तर पालीच्या पोटात जाते. म्हणजे हवामान चुकलं तर सोडणं निरुपयोगी आणि हवामान बरोबर असेल तर विकतच्या किड्यांतून आलेली लागण पसरवण्याची थोडी का होईना जोखीम. दोन्ही बाजूंनी नफा शून्य. खिडकी उघडून हलकं होतं ते आपलं मन. मुंगीच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

म्हणून मी फ्रीजरच्या, म्हणजे पंखवाल्या मुंग्या गोठवून मारण्याच्या बाजूचा आहे. हे वाक्य लिहायला सोपं नाही आणि वाचायलाही नसेल. कीटकांना काय जाणवतं याबद्दल आता पूर्वीसारखं बेफिकिरीने बोलता येत नाही. २०२२मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बंबलबी जातीच्या माश्या बक्षीस नसतानाही लाकडी गोळ्या लोटत खेळतात हे दाखवलं, तेव्हापासून तर नाहीच नाही. तेव्हा आधी साध्या फ्रीजच्या थंडीत पंखवाल्यांना सुस्त होऊ द्यावं, मग फ्रीजरमध्ये दोन दिवस ठेवावं. त्याहून बरं म्हणजे एवढी वेळ येऊच नये अशी काळजी घ्यावी. प्रथिनांचा मारा कमी केला की वसाहत स्वतःच आवरतं घेते. कामकरी मुंग्यांना परवडत नाहीत तेव्हा त्या फुगीर अळ्या स्वतःच खाऊन टाकतात. थंड प्रदेशातल्या जातींना हिवाळ्याची विश्रांती न चुकवता द्यावी. पण ‘माझी वसाहत किती मोठी’ ही या छंदातली मिरवण्याची गोष्ट आहे, आणि कमी खाऊ घालण्यात कसली मिरवणूक!

गोठवलेल्या मुंग्या फेकूनही देऊ नयेत. अल्कोहोलच्या कुपीत ठेवून आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी: राणी कुठे सापडली, कधी सापडली, पंखवाल्या कधी निघाल्या. कित्येक जातींचे नर शास्त्राला नीट माहीत नाहीत, कारण ते वर्षातून काही दिवसच असतात आणि दिव्याखालच्या केरात निघून जातात. कामकरी मुंग्या, राणी आणि नर तिघं एकाच वसाहतीतले आहेत हे खात्रीने सांगू शकणारा माणूस म्हणजे ती वसाहत पाळणारा. विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला अशी कुपी दिली तर छंदाने घेतलेलं थोडं तरी परत केल्यासारखं होईल.

यावर हौशी मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, निसर्गात उडालेल्या राण्यांपैकी जवळजवळ सगळ्याच मरतात. हजारांतून एखादी वसाहत उभी करते. मग आम्ही उचललेल्या चार राण्यांनी काय बिघडतं? उलट आमच्याकडे त्या जगतात. अंगणातल्या मुंगळ्यांच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पण हे गणित दोन ठिकाणी फसतं. एक, जी राणी पंख पाडून बीळ खणायला लागलेली सापडते ती पक्षी, पाली, कोळी आणि मिलन अशा सगळ्या चाळण्यांतून पार झालेली असते. ती हजारांतली कुणीही नाही, उरलेल्या थोड्यांपैकी एक आहे. दोन, चार राण्यांना लागू होणारं गणित पाच हजारांना लागू होत नाही. केनियातली खरेदी एका हौशी पोराच्या कपाटासाठी असेल, असं तिथल्या न्यायालयालाही वाटलं नाही.

छंद बाजारात आला की कुठल्या जाती पाळल्या जातात तेही बदलतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २०२१मध्ये जगभरच्या ऑनलाइन विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचशेहून अधिक जाती विक्रीला होत्या, आणि परक्या मुलखात जाऊन उपद्रव करणाऱ्या जातींचं प्रमाण त्यांत अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. चीनमधल्या एका पाहणीत सहा महिन्यांत ऑनलाइन विकल्या गेलेल्या सुमारे ५९ हजार वसाहतींची नोंद झाली. त्यातल्या पाव हिश्शाहून अधिक जाती त्या देशातल्या नव्हत्या. यात कटकारस्थान नाही. जी जात टिकाऊ, काहीही खाणारी, कुठल्याही हवेत तग धरणारी, पटापट वाढणारी, तीच नवशिक्याला सोपी, म्हणून तिलाच मागणी. आणि जी डब्यात सोपी तीच डब्याबाहेरही सोपी. ‘पाळायला सोपी’ ही शिफारस वाचली की मी तरी सावध होतो.

हौशी लोकांवर सगळं खापर फोडणंही अन्यायाचं होईल. मुंग्यांची मोठमोठी आक्रमणं जहाजांतून, लाकडांच्या ओंडक्यांतून आणि रोपांच्या कुंड्यांतून झाली आहेत. दक्षिण अमेरिकेतली आग्या मुंगी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मोबाइल बंदरात उतरली ती मालाबरोबर. पुढे ती २००१मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ सापडली आणि २०२३मध्ये इटलीच्या सिसिलीत तिची ८८ वारुळं मोजली गेली. ख्रिसमस बेटावर पिवळ्या मुंग्यांनी लाखो लाल खेकडे मारले, त्यातही पाळणाऱ्यांचा हात नव्हता. पण यातून जे कळलं ते हौशी माणसालाही लागू आहे. मुंगी एकदा वसली की तिला उपटून काढणं सरकारांनाही जड जातं, आणि त्या वसण्याला लागते एक मिलन झालेली राणी.

काही जातींना तर तीही लागत नाही. फेरो मुंगी ही घरातली बारीक पिवळसर मुंगी, इस्पितळांची जुनी डोकेदुखी. तिच्या राण्यांचं मिलन बिळातच होतं, बाहेर उडण्याची भानगड नाही. थोड्या कामकरी मुंग्या आणि मूठभर अळ्या-अंडी उचलून दुसरीकडे गेल्या की तिथे नवी वसाहत. फवारणी केली तर वसाहत फुटून एकीच्या चार होतात. आपल्या स्वयंपाकघरात वेड्यावाकड्या पळणाऱ्या लांब पायांच्या काळ्या मुंगीचंही मिलन बिळात उरकतं, आणि बहीण-भावांच्या मिलनातूनही तिच्या वसाहतीचं काही बिघडत नाही. अशा जातींपुढे जाळीचं झाकण आणि फ्रीजर ही दोन्ही साधनं तोकडी पडतात. त्या पाळूच नयेत. शिकाऊ माणसाने तर नाहीच.

म्हणजे आधी जात ओळखता आली पाहिजे. इथे आपण भारतात बरेच मागे आहोत. देशात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मुंबई इलाख्यातले वन अधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिले. ते स्वतः मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेलकडे पाठवत आणि फोरेल त्यांना नावं देत. १९०३मध्ये बिंगहॅमचा इथल्या मुंग्यांवरचा ग्रंथ आला. मध्ये शंभर वर्षं गेली आणि २००६मध्ये अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं दक्षिण भारतातल्या मुंग्यांवरचं हातपुस्तक आलं. त्यानंतर अभ्यासकांचं काम वाढलं आहे, पण मराठीत सामान्य वाचकाने हातात धरून अंगणात न्यावं असं काही मला तरी दिसलेलं नाही. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणाऱ्या झुंडीलाही आपण सर्रास ‘पंखवाल्या मुंग्या’ म्हणतो. त्यातल्या पुष्कळ वाळवी असतात. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर नाही आणि मिशा सरळ, तर ती वाळवी. पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकल्यासारख्या, तर ती मुंगी. एवढा फरक ज्याला सांगता येत नाही त्याने ‘जात इथलीच आहे’ अशी खात्री कुणाला देऊ नये.

आणि ज्या जाती खरोखर इथल्या आहेत त्यांच्यावर बाहेरच्यांचं लक्ष आहे. सह्याद्रीच्या जंगलात एक उडी मारणारी मुंगी आहे, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर. जर्डन या प्राणिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन १८५१मध्ये केलं. टपोरे डोळे, कोयत्यासारखे लांब जबडे, भक्ष्यावर झेप घालून शिकार. २०१०मध्ये तिचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला आणि ती अमेरिकेतल्या प्रयोगशाळांची लाडकी झाली. तिची राणी मेली की वसाहत संपत नाही. कामकरी मुंग्या मिशांनी मिशांवर फटके मारत कित्येक दिवस झुंजतात, जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात, त्यांचा मेंदू आकसतो आणि आयुष्य वाढतं. इतकी विलक्षण मुंगी परदेशी दुकानांत विक्रीला असावी यात नवल नाही. तिचा मूळ साठा प्रत्येक वेळी परवान्यानेच गेला असेल असं मानायला मन धजत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला इथली जैविक संपत्ती न्यायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. जिवंत किडे बाहेरून मागवायला २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली परवाना लागतो. पण पाकिटातली नळी कुठल्या कचेरीत उघडली जाते?

मग बंदी घाला, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. एडवर्ड विल्सन १९४२मध्ये शाळकरी पोर होता. मोबाइल शहरातल्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत मुंग्या धुंडाळताना त्याने त्या आग्या मुंगीचं वारूळ नोंदवलं, आणि पुढे तो जगातला सर्वांत नावाजलेला मुंगीतज्ज्ञ झाला. वाकून मुंगी बघणाऱ्या मुलाला कायद्याचा धाक दाखवला तर त्याला मोबाइल फोनच तेवढा उरेल. अमेरिकेची वाट मला जास्त शहाणी वाटते. तिथे राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर कृषी खात्याचा परवाना लागतो. हौशी मंडळी त्यावर चडफडतात. पण त्याचा परिणाम असा की ज्याला मुंग्या हव्यात तो उड्डाणाच्या संध्याकाळी आपल्याच गल्लीत टॉर्च घेऊन फिरतो. राणीचा व्यापार बंद आणि राणीचा शोध चालू, हे धोरण आपल्याकडेही कुणाचं नुकसान करणार नाही. कायदा होईपर्यंत आपल्यापुरतं ते पाळायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा येत्या पावसाळ्यात कुणाला मुंगी पाळायची असेल तर त्याने जरूर पाळावी. राणी विकत घेऊ नये, कुरियरने मागवू नये, कुणाचं वारूळ खणू नये. जूनमध्ये पंख टाकून जमिनीवरून चालणारी एक राणी उचलावी, अभयारण्याच्या हद्दीतली नव्हे, आपल्या अंगणातली. दोनही नको, एकच. नळीवर जागा आणि तारीख लिहावी. झाकणाची जाळी आणि फ्रीजरमधला एक कोपरा तेव्हाच ठरवावा, घरच्यांना तो दाखवून ठेवावा, आणि आपण शिकायला किंवा नोकरीला गाव सोडलं तर डबा कोण सांभाळणार त्याचं नाव आजच पक्कं करावं. एवढं जमणार नसेल तर ती राणी वाटेतून अलगद बाजूला करावी आणि तिला जाऊ द्यावं.